ऑनलाइन विद्यापीठातील अध्यापनाची कारकीर्द : नवोदित प्राध्यापकांसाठी मार्गदर्शन

ऑनलाइन विद्यापीठात शिकवू इच्छिणारे बहुतेक नवे प्राध्यापक तयारीची सुरुवात कॅमेरा, प्रकाशयोजना आणि सॉफ्टवेअर यांपासून करतात. या गोष्टी आवश्यक आहेत, पण त्या थोड्या दिवसांच्या सरावाने जमतात. ज्यांना वर्षे द्यावी लागतात अशी कामे दोन आहेत : समोर नसलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने पुढे जाता येईल असा अभ्यासक्रम लिहिणे, आणि त्याने केलेल्या कामावर त्याला उपयोगी पडेल असा अभिप्राय वेळेत देणे. ऑनलाइन प्राध्यापकाची कारकीर्द याच दोन कामांवर उभी राहते असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये त्यांनाच सर्वांत जास्त जागा दिली आहे.

पहिली पायरी : कोणते काम स्वीकारत आहोत हे समजून घेणे

दूरस्थ शिक्षण इंटरनेटपेक्षा बरेच जुने आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ मध्येच महाविद्यालयात हजर न राहणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेची दारे उघडली होती. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. अभ्यासक्रम एका मध्यवर्ती गटाने तयार करायचा, आणि विद्यार्थ्यांच्या छोट्या तुकड्यांना वेगळ्या शिक्षकांनी मार्गदर्शन करून त्यांचे स्वाध्याय तपासायचे, ही तिथे रुजलेली विभागणी आजच्या अनेक ऑनलाइन विद्यापीठांत जशीच्या तशी दिसते. त्यामुळे ‘प्राध्यापक पाहिजेत’ अशा एकाच जाहिरातीमागे तीन अगदी वेगळी कामे असू शकतात. एक, अभ्यासक्रम लिहिणे. दोन, दुसऱ्याने लिहिलेला अभ्यासक्रम शिकवणे. आणि तीन, दोन्ही स्वतः करणे. दुसऱ्या प्रकारात आशय बदलण्याची मोकळीक फार थोडी असते, तर पहिल्या प्रकारात विद्यार्थ्यांशी संबंध जवळजवळ येतच नाही. आपल्याला यांपैकी काय हवे आहे याचा निर्णय अर्ज करण्यापूर्वीच करावा.

चौथा प्रकार म्हणजे सर्वांसाठी खुले असलेले प्रचंड अभ्यासक्रम. २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम विनामूल्य खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले आणि त्यांपैकी सुमारे २३,००० जणांनी तो पूर्ण केला. पुढच्याच वर्षी असे अभ्यासक्रम देणारी कोर्सेरा आणि एडएक्स ही ऑनलाइन व्यासपीठे सुरू झाली. अशा अभ्यासक्रमांमुळे प्राध्यापकाचे नाव दूरवर पोहोचते हे खरे, परंतु पदवीच्या ऑनलाइन वर्गात शिकवण्याचे कौशल्य त्यातून आपोआप येत नाही. लाखभर श्रोत्यांमध्ये कोण कुठे अडखळला हे शिक्षकाला कळतच नाही, आणि पदवीच्या वर्गात नेमके तेच कळणे हे त्याचे काम असते.

दुसरी पायरी : करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

विषयातील पदव्युत्तर पदवी, आणि बहुतेक ठिकाणी डॉक्टरेट, ही पात्रता ऑनलाइन अध्यापनालाही लागतेच. त्यापलीकडे काही बाबी लेखी विचारून घ्याव्यात. वर्गात जास्तीत जास्त किती विद्यार्थी असतील? किती स्वाध्याय तपासायचे आहेत, आणि किती दिवसांत? विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना किती तासांत उत्तर अपेक्षित आहे, आणि सुट्टीच्या दिवसांना तो नियम लागू आहे का? अभ्यासक्रम लिहिण्याचा मोबदला शिकवण्याच्या मोबदल्यातच धरला आहे की वेगळा आहे?

यातील तपासणीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, म्हणून त्याचे गणित मांडून पाहावे. वर्गात ६० विद्यार्थी असतील आणि एका स्वाध्यायाला १५ मिनिटे लागत असतील, तर एका फेरीला १५ तास लागतात. सत्रात असे तीन स्वाध्याय असतील, तर फक्त तपासणीचे ४५ तास होतात, आणि शंकानिरसन, चर्चा, लाइव्ह तास हे सर्व त्याहून वेगळे राहते. हे गणित आधी केलेले शिक्षक मोबदल्याची किंवा विद्यार्थिसंख्येची चर्चा नेमकेपणाने करू शकतात. न केलेले शिक्षक सत्राच्या मध्यावर अभिप्रायाची लांबी कमी करू लागतात आणि त्याचे नुकसान विद्यार्थ्याला सोसावे लागते.

तयार केलेल्या साहित्याचा मालक कोण, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न आहे. व्याख्यानांची रेकॉर्डिंग, प्रश्नसंच आणि टिपणे प्राध्यापकाने नोकरी सोडल्यावरही विद्यापीठ वापरू शकते का, त्यांत दुसऱ्या कोणी बदल केल्यास त्यावर प्राध्यापकाचे नाव राहणार का, आणि स्वतःला तेच साहित्य अन्यत्र वापरता येईल का, या तिन्ही बाबी करारात स्पष्ट असाव्यात. तोंडी आश्वासन येथे पुरेसे मानू नये.

तिसरी पायरी : स्वतः ऑनलाइन विद्यार्थी होऊन पाहणे

शिकवण्यास सुरुवात करण्यापूर्वी आपल्या विषयाबाहेरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम नाव नोंदवून, स्वाध्याय देऊन, शेवटपर्यंत पूर्ण करावा. सूचना कुठे सापडत नाहीत, प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहताना अभ्यास कसा थांबतो, आणि नुसते गुण मिळाले पण कारण कळले नाही तर काय वाटते, हे या मार्गाने जितके समजते तितके कोणत्याही प्रशिक्षणवर्गात समजत नाही. विषय आपल्याला अवघड जाणारा निवडला तर आणखी चांगले.

चौथी पायरी : अभ्यासक्रम शेवटाकडून रचणे

प्रत्यक्ष वर्गातील प्राध्यापक सहसा व्याख्यानांच्या क्रमाने विचार करतो, आणि परीक्षा शेवटी ठरते. ऑनलाइन अभ्यासक्रमात हा क्रम उलटवावा. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे आधी लिहावे. ते करता येते हे कोणत्या कामातून दिसेल ते त्यानंतर ठरवावे. आणि त्या कामापर्यंत पोहोचायला कोणते वाचन, कोणती उदाहरणे आणि किती सराव लागेल ते सर्वांत शेवटी. अध्ययन निष्पत्ती लिहिताना ‘समजेल’, ‘परिचय होईल’ अशी क्रियापदे टाळावीत, कारण ती तपासता येत नाहीत. ‘दोन परस्परविरोधी साधनांची तुलना करून कोणते अधिक विश्वसनीय ते कारणांसह सांगता येईल’ हे वाक्य लांबलचक असले तरी त्यातून स्वाध्याय आपोआप सुचतो.

यानंतर विद्यार्थ्याच्या वेळेचा हिशेब करावा. युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे ५ श्रेयांकांचा अभ्यासक्रम १० आठवड्यांत संपवायचा असेल तर आठवड्याला साडेबारा ते पंधरा तास होतात. आपल्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असली तरी असा हिशेब कागदावर मांडावाच. ऑनलाइन विद्यार्थ्यांपैकी अनेक जण नोकरी किंवा घरची जबाबदारी सांभाळून शिकत असतात, आणि शिक्षकाने ‘आणखी एक उपयुक्त लेख’ म्हणून सहज जोडलेली चाळीस पाने त्यांच्या आठवड्याचा तोल बिघडवतात. जे अनिवार्य नाही ते तसे स्पष्टपणे लिहून वेगळे ठेवावे, किंवा सरळ वगळावे.

आठवड्याची रचना सत्रभर सारखी ठेवावी. साहित्य एका ठरावीक वारी खुले होते, सराव-प्रश्न एका ठरावीक वारी संपतात, चर्चेचे पहिले उत्तर अमुक वारापर्यंत द्यायचे असते, हे विद्यार्थ्याला दुसऱ्या आठवड्यात पाठ झाले पाहिजे. अभ्यासक्रम चालवण्याची प्रणाली मूडल असो, कॅनव्हास असो किंवा विद्यापीठाची स्वतःची असो, प्रत्येक घटकाच्या पहिल्या पानावर एक छोटे टिपण असावे : या आठवड्यात काय करायचे, किती वेळ लागेल, कशावर लक्ष द्यायचे आणि मागच्या आठवड्याशी याचा संबंध काय. दूरस्थ शिक्षणाचे अभ्यासक बॉर्ये होल्मबर्ग यांनी असे मांडले होते की दूरस्थ शिक्षणाचे साहित्य विद्यार्थ्याशी चाललेल्या संवादासारखे लिहिलेले असावे. हे तत्त्व छापील पुस्तिकांच्या काळातले असले तरी पडद्यावरील मजकुराला ते जास्तच लागू पडते. ‘येथे क्षणभर थांबा आणि आधी स्वतः उत्तर लिहून पाहा’ हे एक वाक्य योग्य ठिकाणी आले, तर विद्यार्थ्याला शिक्षक सोबत असल्याची जाणीव राहते.

पाचवी पायरी : व्हिडिओ आणि लाइव्ह तास

फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्सवरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. सहा मिनिटांपेक्षा लहान व्हिडिओंना सर्वाधिक लक्ष मिळते, वर्गातील लांब व्याख्यानाचे मागाहून तुकडे केलेले व्हिडिओ मूळ ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी तयार केलेल्या व्हिडिओंइतके धरून ठेवत नाहीत, आणि टेबलाशी बसून साधेपणाने बोललेला शिक्षक महागड्या स्टुडिओतील चित्रीकरणापेक्षा परिणामकारक ठरू शकतो, असे त्यांना आढळले. नवोदितांसाठी ही दिलासा देणारी बाब आहे. एका व्हिडिओत एकच संकल्पना घ्यावी, संहिता आधी लिहावी, आणि खर्च करायचाच असेल तर तो कॅमेऱ्याऐवजी मायक्रोफोनवर करावा. धूसर चित्र विद्यार्थी सहन करतो, पण तुटक आवाज काही मिनिटांत सोडून देतो. ‘गेल्या सोमवारी सांगितल्याप्रमाणे’ किंवा ‘यंदाच्या परीक्षेत’ असे उल्लेख टाळले तर तोच व्हिडिओ पुढील सत्रांतही वापरता येतो.

लाइव्ह तास व्याख्यानासाठी वापरू नये. जे रेकॉर्ड करता येते ते आधीच द्यावे, आणि एकत्र जमलेला वेळ शंका, उदाहरणे सोडवणे आणि लहान गटांतील काम यांसाठी राखावा. दुसऱ्या एका उपकरणावर विद्यार्थी म्हणून लॉगिन करून ठेवल्यास विद्यार्थ्यांना पडद्यावर काय दिसते ते आपल्यालाही दिसत राहते. इंटरनेट बंद पडल्यास काय करायचे हे पहिल्याच आठवड्यात लिहून जाहीर करावे.

सुलभतेचा, म्हणजे अपंग विद्यार्थ्यांनाही साहित्य वापरता यावे याचा, विचारही याच टप्प्यावर करावा, कारण मागाहून दुरुस्त करणे फार कष्टाचे ठरते. वेब सुलभतेची डब्ल्यूसीएजी २.२ ही मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या ‘एए’ पातळीनुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांतील रंगभेदाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते आणि व्हिडिओंना कॅप्शन आवश्यक असतात. स्वयंचलित कॅप्शन विषयातील पारिभाषिक शब्दांवर हमखास चुकतात, म्हणून ते स्वतः वाचून सुधारावेत. स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, केवळ चित्र म्हणून दिसते. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ते पान कोरेच असते.

सहावी पायरी : अभिप्राय

या पायरीवर मी सर्वाधिक भर देतो. प्रत्यक्ष वर्गात शिक्षकाला विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतात, मधल्या सुट्टीत कोणी येऊन विचारतो, फळ्यावरील चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. ऑनलाइन वर्गात यातील जवळजवळ काहीच नसते, आणि बऱ्याच विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिक्षक त्यांच्याशी व्यक्तिशः बोलतो तो फक्त स्वाध्यायावरील अभिप्रायातून. तो अभिप्राय ‘चांगला प्रयत्न’ एवढाच असेल, तर त्या विद्यार्थ्याला शिक्षक भेटलाच नाही असे म्हणावे लागेल.

जॉन हॅटी आणि हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाविषयीच्या संशोधनाचा आढावा घेऊन असे मांडले की उपयोगी अभिप्राय तीन प्रश्नांची उत्तरे देतो : मला कुठे पोहोचायचे आहे, मी आता कुठे आहे, आणि पुढचे पाऊल कोणते. व्यवहारात बहुतेक शिक्षक दुसऱ्याच प्रश्नावर थांबतात. चुका दाखवल्या जातात, पण पुढच्या स्वाध्यायात काय वेगळे करायचे ते सांगायचे राहते. म्हणून प्रत्येक अभिप्रायाचे शेवटचे वाक्य पुढच्या कामाबद्दल असावे, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. ‘तुमचा युक्तिवाद दुसऱ्या परिच्छेदापर्यंत स्पष्ट आहे, तिसऱ्यात आकडे येतात, पण ते काय सिद्ध करतात हे सांगितलेले नाही, पुढील स्वाध्यायात प्रत्येक आकड्यानंतर त्यावरून निघणारा निष्कर्ष एका वाक्यात लिहा’ हा अभिप्राय लिहायला दोन मिनिटे लागतात आणि तो विद्यार्थ्याच्या हाती काहीतरी देतो.

गुण आणि अभिप्राय एकत्र द्यावेत का, हाही विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात फक्त टिप्पण्या मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि रस दोन्ही टिकून राहिले, मात्र टिप्पणीसोबत गुणही दिले तेव्हा टिप्पणीचा लाभ दिसला नाही. विद्यापीठात गुण टाळता येत नाहीत, पण अभिप्राय आधी आणि गुण दोन-तीन दिवसांनी, असा क्रम बहुतेक प्रणालींत लावता येतो आणि तो लावून पाहावा.

वेळेचे बंधन खरे आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. सर्व स्वाध्यायांतून वारंवार आढळणाऱ्या चुकांवर संपूर्ण वर्गासाठी एक सविस्तर टिपण लिहावे आणि वैयक्तिक अभिप्रायात त्यातील संबंधित मुद्द्याचा फक्त निर्देश करावा. गुणदानाचे निकष स्वाध्यायासोबतच जाहीर करावेत. वारंवार लागणारी वाक्ये जतन करून ठेवण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक अभिप्रायात निदान एक वाक्य असे असावे की ते फक्त त्याच विद्यार्थ्याच्या उत्तराबद्दल लिहिता आले असते. मोठ्या शेवटच्या परीक्षेपेक्षा पहिल्या तीन आठवड्यांतील एका छोट्या, कमी गुणांच्या स्वाध्यायावर अधिक काळजीपूर्वक अभिप्राय द्यावा. शेवटच्या परीक्षेवरील अभिप्राय वापरण्याची संधी विद्यार्थ्याला उरत नाही, आणि अभ्यासक्रम सोडून देण्याचा धोका तर सुरुवातीलाच जास्त असतो. पहिला स्वाध्याय न दिलेल्या विद्यार्थ्याला वर्गाला पाठवण्याच्या सूचनेतून आठवण करून देण्याऐवजी नावाने दोन ओळी लिहाव्यात.

सातवी पायरी : चर्चा घडवणे

रँडी गॅरिसन, टेरी अँडरसन आणि वॉल्टर आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन वर्गातील तीन प्रकारची उपस्थिती सांगितली : विचारांची, परस्पर-संबंधांची आणि अध्यापनाची. चर्चामंचावर तिसरी नसेल तर पहिल्या दोन फार काळ टिकत नाहीत. ‘या घटकाबद्दल आपले मत मांडा’ असा प्रश्न विचारल्यास साठ सारखी उत्तरे येतात. त्याऐवजी भूमिका घ्यावी लागेल असा प्रश्न द्यावा, वर्गाचे आठ-दहा जणांचे गट करावेत, आणि शिक्षकाने प्रत्येक उत्तराला प्रतिसाद न देता आठवड्यातून दोनदा येऊन दोन विद्यार्थ्यांची मते एकमेकांसमोर ठेवावीत. शेवटी चर्चेतून काय निष्पन्न झाले याचा छोटा सारांश शिक्षकाने नावांसह लिहावा.

आठवी पायरी : मूल्यमापन आणि प्रामाणिकपणा

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून घरी लिहिलेल्या निबंधावर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांवर विसंबून विद्यार्थ्यावर आरोप करणे मात्र टाळावे : इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध अशा साधनांनी यंत्रलिखित ठरवल्याचे स्टॅनफर्डमधील संशोधकांना २०२३ मध्ये आढळले होते. निर्दोष विद्यार्थ्यावर असा आरोप होणे हा मोठा अन्याय आहे, आणि दूर बसलेल्या विद्यार्थ्याला आपली बाजू मांडणेही अवघड जाते.

यावर मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा उपाय म्हणजे मोठ्या स्वाध्यायाचे टप्पे करणे. आराखडा, पहिला मसुदा, अभिप्रायानंतरचा सुधारित मसुदा आणि त्यावर दहा मिनिटांची तोंडी चर्चा, अशी मांडणी केली की विद्यार्थ्याचा विचार कसा पुढे गेला हे दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर कुठे चालेल आणि कुठे नाही, हे प्रत्येक स्वाध्यायावर स्वतंत्रपणे लिहावे. शिवाय कमी गुणांच्या, पुन्हा देता येणाऱ्या छोट्या चाचण्या दर आठवड्याला ठेवाव्यात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक यांनी २००६ मध्ये दाखवल्याप्रमाणे पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून उत्तर दिल्याने आठवड्यानंतरची स्मृती अधिक चांगली राहते. तेव्हा या चाचण्यांकडे मोजमापापेक्षा अध्ययनाचे साधन म्हणून पाहावे.

नववी पायरी : कारकीर्द पुढे नेणे

ऑनलाइन प्राध्यापकाचे काम इतरांच्या नजरेस सहज पडत नाही. शेजारच्या वर्गातून कोणी ऐकत नाही, आणि सत्र संपताच अभ्यासक्रमाचे पान अनेकदा बंद होते. म्हणून पुरावा स्वतः जमवावा लागतो. प्रत्येक सत्राच्या शेवटी अभ्यासक्रमाची रूपरेषा, एक उत्तम घटक, नाव काढून टाकलेले अभिप्रायांचे दोन-तीन नमुने आणि विद्यार्थ्यांच्या मूल्यांकनाचा सारांश आपल्याजवळ जतन करावा. त्यासोबत काय बदलले, का बदलले आणि त्याचा काय परिणाम दिसला, याचे एक पानी टिपण त्याच आठवड्यात लिहावे. पदोन्नतीच्या वेळी किंवा नव्या विद्यापीठात अर्ज करताना हे टिपण कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा अधिक बोलके ठरते. त्याच विषयाच्या सहकाऱ्याला वर्षातून एकदा आपल्या अभ्यासक्रमात प्रवेश देऊन लेखी मत मागावे, आणि त्याच्या अभ्यासक्रमासाठी आपणही तेच करावे.

विषयातील संशोधन सुटू देऊ नये. ऑनलाइन अध्यापन सर्व वेळ व्यापून टाकू शकते, कारण त्याला शाळेची घंटा नसते. आणि संशोधन थांबलेला प्राध्यापक दोन-तीन वर्षांत इतरांनी लिहिलेले अभ्यासक्रम चालवणारा होऊन बसतो. शंकांना उत्तरे देण्याच्या वेळा जाहीर करून त्या पाळाव्यात, आठवड्यातील एक दिवस प्रणालीत लॉगिन न करता वाचन-लेखनासाठी ठेवावा, आणि हा दिवस विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात कळवावा.

एकाच वेळी अनेक विद्यापीठांत अंशकालीन काम स्वीकारणाऱ्यांनी सत्रांच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. दोन ठिकाणची अंतिम तपासणी एकाच आठवड्यात येत असेल, तर दुसरा करार करण्यापूर्वीच तेथील मुदत बदलून मागावी, किंवा त्या सत्रापुरते काम नाकारावे.